‘झीरो’ची प्रतिकृती : जुळवणी, रंग आणि इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील ज्या मोजक्या विमानांची नावे सर्वसामान्यांनाही ठाऊक असतात, त्यांत जपानच्या ‘झीरो’ या लढाऊ विमानाचा क्रमांक बराच वरचा आहे. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमानांच्या लहान प्रतिकृती जुळवण्याचा छंद जगभर रुजला आहे आणि झीरो हे या छंदातील कायमचे आवडते विमान आहे. जपानच्या तामिया, हासेगावा आणि फाइन मोल्ड्स, ब्रिटनची एअरफिक्स, चेक प्रजासत्ताकातील एदुआर्द अशा अनेक कंपन्यांनी त्याचे संच काढले आहेत. जुळवायला सोपे वाटणारे हे विमान रंगवताना मात्र अनुभवी हातांनाही विचारात पाडते. आपण नेमके कोणते विमान, कोणत्या वर्षीचे आणि कोणाचे करीत आहोत, हा प्रश्न त्याच्या प्रत्येक टप्प्यावर उभा राहतो.

नाव आणि वंशावळ

या विमानाचे अधिकृत जपानी नाव ‘रेइ-शिकी कांजो सेंतोकी’ असे होते. त्याचा अर्थ ‘शून्य प्रकारचे, जहाजावरून उडणारे लढाऊ विमान’. ते १९४० मध्ये नौदलात दाखल झाले. जपानी राजवंशाच्या कालगणनेनुसार ते २६०० वे वर्ष होते आणि त्या वर्षाच्या अखेरच्या शून्यावरून विमानाला हे नाव मिळाले. दोस्त राष्ट्रांनी त्याला ‘झीक’ हे सांकेतिक नाव दिले होते. परंतु सैनिकांच्या तोंडी ‘झीरो’ हेच रुळले.

मित्सुबिशी कंपनीचे अभियंता जिरो होरिकोशी यांनी त्याचा आराखडा तयार केला. पहिले उड्डाण १ एप्रिल १९३९ रोजी झाले. नागोया येथील कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती. त्यामुळे जगातील अत्याधुनिक विमानांपैकी एक ठरलेल्या या यंत्राचे भाग बैलगाड्यांवर लादून कागामिगाहारा येथील विमानतळापर्यंत न्यावे लागले. पुढे नाकाजिमा कंपनीनेही हे विमान बांधले. एकूण दहा हजारांहून अधिक झीरो तयार झाली आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त नाकाजिमाने बांधली. रंगकामाच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे. कारण दोन्ही कंपन्यांच्या विमानांचे बाह्यरंग आणि कॉकपिटच्या आतील रंग यांत फरक होता.

संचाच्या खोक्यावर ‘ए६एम२’, ‘मॉडेल २१’ असे उल्लेख असतात. ‘ए’ म्हणजे जहाजावरील लढाऊ विमान, ‘६’ म्हणजे त्या वर्गातील सहावा प्रकार आणि ‘एम’ म्हणजे मित्सुबिशी. मॉडेलच्या आकड्यातील पहिला अंक सांगाड्याची आवृत्ती दाखवतो आणि दुसरा इंजिनाची. म्हणून ‘२१’ हा आकडा ‘एकवीस’ असा न वाचता ‘दोन-एक’ असा वाचला जातो. पर्ल हार्बरवर गेले ते मॉडेल २१. त्याच्या पंखांचा विस्तार १२ मीटर होता आणि जहाजाच्या उद्वाहकात मावावे म्हणून दोन्ही टोकांचा सुमारे अर्धा मीटर भाग वर दुमडता येत असे. मॉडेल ३२ मध्ये ही टोके छाटून विस्तार ११ मीटर करण्यात आला. १९४३ मध्ये आलेल्या मॉडेल ५२ चे पंखही ११ मीटरचेच होते, मात्र त्यांची टोके गोलाकार होती आणि इंजिनाच्या धुराड्यांच्या नळ्या स्वतंत्रपणे बाहेर काढलेल्या होत्या. प्रतिकृती कोणत्या आवृत्तीची आहे, हे ओळखण्याच्या या सोप्या खुणा आहेत.

हलकेपणाची किंमत

नौदलाने वेग, चपळाई आणि लांब पल्ला या तिन्हींची मागणी एकाच वेळी केली होती. उपलब्ध इंजिन मात्र सुमारे ९५० अश्वशक्तीचे होते. तेव्हा वजन कमी करणे हा एकच मार्ग होरिकोशी यांच्यापुढे उरला. सुमितोमो कंपनीने विकसित केलेला ‘एक्स्ट्रा सुपर ड्युरालुमिन’ हा नवा मिश्रधातू पंखांच्या मुख्य तुळईसाठी वापरण्यात आला. वैमानिकाच्या आसनालाही भोके पाडून वजन घटवण्यात आले. मॉडेल २१ चे रिकामे वजन सुमारे १,६८० किलो, कमाल वेग ताशी सुमारे ५३० किलोमीटर आणि पोटाखालच्या जादा टाकीसह पल्ला सुमारे ३,१०० किलोमीटर होता. पंखांत २० मिलीमीटरच्या दोन तोफा आणि नाकावर ७.७ मिलीमीटरच्या दोन मशीनगन, असा त्याचा शस्त्रसंभार होता.

याची किंमत वैमानिकांनी मोजली. सुरुवातीच्या झीरोमध्ये वैमानिकामागे चिलखती पत्रा नव्हता आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्याही नव्हत्या. १३ सप्टेंबर १९४० रोजी चीनमधील चोंगचिंगवर झालेल्या पहिल्या हवाई लढाईत १३ झीरोंनी एकही विमान न गमावता मोठा विजय मिळवला आणि पुढची दीड-दोन वर्षे हा दबदबा टिकला. ४ जून १९४२ रोजी अल्यूशन बेटांपैकी अकुतान बेटावर तादायोशी कोगा या वैमानिकाचे झीरो दलदलीत उलटले. कोगा त्यात ठार झाला, परंतु विमान बरेचसे शाबूत राहिले. अमेरिकनांनी ते उचलून सान दिएगो येथे दुरुस्त केले आणि सप्टेंबर १९४२ पासून त्याच्या उड्डाणचाचण्या घेतल्या. अतिवेगात त्याची वळण्याची क्षमता मंदावते आणि नाक एकदम खाली दाबल्यास इंजिन अडखळते, ही त्याची दुखणी या चाचण्यांतून उघड झाली. युद्धाच्या अखेरच्या पर्वात, ऑक्टोबर १९४४ पासून, हेच विमान आत्मघाती हल्ल्यांसाठी वापरले गेले.

प्रमाण आणि संचाची निवड

विमानांच्या प्रतिकृती प्रामुख्याने तीन प्रमाणांत मिळतात. १/७२ प्रमाणात १२ मीटर पंखांचे झीरो साधारण १६.७ सेंटीमीटरचे होते, १/४८ मध्ये २५ सेंटीमीटरचे आणि १/३२ मध्ये ३७.५ सेंटीमीटरचे. शहरी घरांतील जागेचा विचार करता पहिली दोन प्रमाणे सोयीची ठरतात. १/४८ मध्ये कॉकपिटमधील बारकावे दिसतील इतका आकार मिळतो आणि प्रतिकृती पुस्तकांच्या कपाटातही मावते. नवशिक्यांनी १/७२ मधील साध्या संचापासून सुरुवात केली, तर चुका स्वस्तात होतात.

जपानमधील शिझुओका हा प्रांत या उद्योगाचे माहेरघर मानला जातो. तामिया कंपनीची सुरुवात १९४६ मध्ये तेथे लाकूड गिरणी म्हणून झाली. त्यातून लाकडी खेळण्यांकडे आणि पुढे १९६० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या संचांकडे ती वळली. हासेगावा ही कंपनीही याच प्रांतातली. ज्या देशाची विमाने युद्धात संपली, त्याच देशातील पुढच्या पिढीने त्यांच्या प्रतिकृती जगभर पोहोचवल्या.

जुळवणी

साहित्य फार लागत नाही. भाग चौकटीपासून वेगळे करण्यासाठी बारीक तोंडाचा कटर, धारदार छोटी सुरी, चिमटा, ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचे पॉलिश पेपर, प्लॅस्टिकसाठीचे पातळ सिमेंट, फटी भरण्यासाठी लांबी आणि मास्किंग टेप एवढ्यावर काम सुरू होते. भाग हाताने पिरगळून तोडू नयेत. त्यामुळे प्लॅस्टिकवर पांढरे वळ उमटतात. जुळवणीपूर्वी सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर त्यांवर राहिला, तर नंतर रंग धरत नाही.

काम आतून बाहेर चालते. प्रथम कॉकपिट पूर्ण करावे लागते, कारण धडाचे दोन अर्धे एकदा चिकटवले की तेथे हात पोहोचत नाही. झीरोच्या कॉकपिटमध्ये दोन गोष्टी हमखास लक्ष वेधतात. एक म्हणजे वर उल्लेखलेले भोकांचे आसन आणि दुसरी म्हणजे उपकरणफलकाच्या वरच्या बाजूने आत शिरलेले दोन मशीनगनचे मागील भाग. आसनाचा पट्टा संचात नसेल, तर मास्किंग टेपच्या रंगवलेल्या बारीक पट्टीने काम भागते.

त्यानंतर धड, पंख आणि शेपटी यांची जोडणी येते. पंख जिथे धडाला मिळतो तेथे फट राहण्याचा संभव असतो. सिमेंट लावण्यापूर्वी भाग नुसतेच जुळवून पाहणे आणि गरज पडल्यास कानस फिरवणे, हा साधा उपाय नंतरची लांबी आणि घासकाम वाचवतो. दोन्ही पंख सारख्याच कोनात किंचित वर उचललेले आहेत ना, हे समोरून आणि मागून पाहून ठरवावे. सिमेंट वाळेपर्यंत टेपने आधार द्यावा. इंजिन चौदा सिलिंडरचे आणि दोन रांगांचे आहे. ते आवरणात बसवण्यापूर्वीच रंगवावे.

पारदर्शक छत सर्वांत शेवटी बसवावे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेसारख्या प्लॅस्टिकवर पांढरी धुरकट झाक आणते, म्हणून तेथे लाकूडकामाचा पांढरा गोंदच योग्य. झीरोच्या छताला अनेक आडव्या-उभ्या पट्ट्या असल्याने मास्किंगचे काम किचकट असते. बहुतेकांचा संयम येथेच संपतो आणि प्रतिकृतीचा दर्जाही येथेच ठरतो.

रंगाचा वाद

पर्ल हार्बरच्या काळातील झीरो अनेक दशके शुभ्र किंवा फिकट राखाडी रंगात रंगवले जात. चित्रपट आणि खोक्यावरील चित्रे यांनी तीच प्रतिमा पक्की केली. परंतु पडलेल्या विमानांचे जे पत्रे जतन झाले, त्यांच्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. मूळ रंग हिरवट-पिवळसर छटा असलेला राखाडी होता आणि त्याला चकाकी होती. १९४२ मधील एका जपानी नौदल अहवालात या राखाडी रंगाचे वर्णन ‘किंचित आमे-इरोकडे झुकणारा’ असे आले आहे. आमे-इरो म्हणजे साखरेच्या पाकाचा, कॅरमेलचा रंग. त्यावरून काहींनी विमाने थेट तपकिरी रंगवली, तर काहींनी जुना राखाडीच कायम ठेवला. ‘किंचित’ या शब्दाकडे लक्ष दिले, तर दोन्ही टोके टळतात.

पुरावा कमी असण्याचे कारण इतिहासातच आहे. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा विमानवाहू जहाजांपैकी आकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू ही चार जहाजे सहाच महिन्यांनी, जून १९४२ मध्ये, मिडवेच्या लढाईत बुडाली. त्यांच्यावरील झीरोही नष्ट झाली. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यात जी नऊ झीरो परतली नाहीत, त्यांचे अवशेष म्हणूनच मोलाचे ठरले. त्यांपैकी हिर्यूवरील एक विमान हवाईच्या नीहाऊ बेटावर उतरले होते आणि त्याचे अवशेष पर्ल हार्बर येथील विमान संग्रहालयात पाहायला मिळतात.

प्रत्यक्ष रंगवताना पुढील क्रम सोयीचा ठरतो. प्रायमरचा एक पातळ हात, मग मुख्य रंगाचे दोन-तीन पातळ हात. सुकाणू, उचलपट्ट्या आणि पंखांवरील हलते भाग हे पत्र्याचे नसून कापडी होते, त्यामुळे त्यांवरील रंग थोडा निराळा दिसे. तेथे किंचित वेगळी छटा दिल्यास विमान जिवंत वाटते. मित्सुबिशीच्या विमानांच्या इंजिनाचे आवरण निळसर छटेचे काळे होते. चाकांच्या खाचांतील आणि आतील धातूवर गंज न लागण्यासाठी ‘आओताके’ नावाचे निळसर-हिरवे पारदर्शक रोगण दिलेले असे. प्रतिकृतीवर प्रथम चंदेरी रंग देऊन त्यावर पारदर्शक निळा आणि हिरवा मिसळून दिला, तर तो परिणाम साधतो. सुरुवातीच्या विमानांच्या पंख्याची पाती समोरून धातूच्या रंगाची असत आणि टोकांजवळ तांबडे पट्टे असत.

१९४३ पासून वरची बाजू गडद हिरवी करण्याची पद्धत रूढ झाली. १९४२ च्या उत्तरार्धापासून पंखांच्या पुढील कडेवर ओळखीसाठी पिवळा पट्टाही आला. म्हणून पर्ल हार्बरच्या विमानावर पिवळा पट्टा दिला, तर ती ठळक चूक ठरते. हिरव्या आणि राखाडी रंगांची सीमारेषा मित्सुबिशीच्या विमानांवर शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ जाई, तर नाकाजिमाच्या विमानांवर ती मागे वर वळत असे. एका रेषेवरून विमान कोणत्या कारखान्यातले, हे सांगता येते.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत रंगकाम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. दमट हवेत लॅकर प्रकारचे रंग सुकताना त्यांवर पांढुरकी झाक येते. अशा दिवशी ॲक्रिलिक रंग वापरावेत किंवा काम कोरड्या दिवसापर्यंत लांबवावे. एअरब्रश वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तोंडावर मास्क असावा; थिनरची वाफ आणि रंगाचे कण फुफ्फुसांना घातक असतात.

चिन्हे आणि क्रमांक

पंखांवरील आणि धडावरील तांबडे वर्तुळ, म्हणजे ‘हिनोमारू’, पाण्यात भिजवून लावायच्या डेकलच्या रूपात मिळते. डेकल लावण्यापूर्वी रंगावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक दिसू लागते. डेकल पक्के झाल्यावर मंद चकाकीचे वार्निश देऊन सर्व एकजीव करावे.

पर्ल हार्बरच्या विमानांसाठी जहाज ओळखण्याची पद्धत ठरलेली होती. शेपटीवरील अक्षरे आणि धडाभोवतीचे पट्टे यांची जोडी जुळली पाहिजे. आकागीसाठी ‘एआय’ आणि एक तांबडा पट्टा, कागासाठी ‘एआयआय’ आणि दोन तांबडे; सोर्यूसाठी ‘बीआय’ आणि एक निळा, हिर्यूसाठी ‘बीआयआय’ आणि दोन निळे; शोकाकूसाठी ‘ईआय’ आणि एक पांढरा, झुईकाकूसाठी ‘ईआयआय’ आणि दोन पांढरे. आकागीच्या पट्ट्यासोबत हिर्यूचा क्रमांक लागला, तर असे विमान कधी अस्तित्वातच नव्हते.

झिजवणे किती?

झीरोचा रंग पापुद्रे सुटून खाली चंदेरी पत्रा उघडा पडलेला दाखवण्याची प्रथा आहे. दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवर, उन्हापावसात उभ्या असलेल्या आणि घाईने हिरवा रंग फासलेल्या विमानांची अशी छायाचित्रे आहेत. विमानवाहू जहाजांवरील विमाने मात्र निगुतीने राखली जात. पर्ल हार्बरच्या विमानावर पापुद्रे दाखवणे म्हणजे १९४३ ची दुर्दशा १९४१ मध्ये आणणे होय. पत्र्यांच्या सांध्यांत गडद रंग भरतानाही प्रमाणाचे भान हवे. १/४८ प्रतिकृतीवर अर्ध्या मिलीमीटरची रेष म्हणजे प्रत्यक्षात सुमारे अडीच सेंटीमीटरची फट. एवढ्या फटींचे विमान उडालेच नसते.

भारताशी संबंध

झीरोची सावली भारताच्या दारापर्यंत आली होती. एप्रिल १९४२ मध्ये जपानी ताफा हिंदी महासागरात शिरला. कागा वगळता पर्ल हार्बरचीच मोठी जहाजे त्यात होती. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ले झाले, तेव्हा बॉम्बफेक्या विमानांसोबत झीरो होती. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बॉम्ब पडले. ती विमाने ‘र्यूजो’ या लहान विमानवाहू जहाजावरून आलेली होती. १९४४ मध्ये इंफाळच्या आकाशात दिसलेली जपानी लढाऊ विमाने मात्र प्रामुख्याने भूदलाची ‘हायाबुसा’ होती. नौदलाचे झीरो आणि भूदलाचे हायाबुसा यांत दोस्तांच्या सैनिकांची नेहमी गल्लत होई. इंफाळच्या देखाव्यात झीरो ठेवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

शिल्लक झीरो

मूळ विमान पाहण्याची संधी आजही आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, तोक्योतील यासुकुनी देवस्थानाच्या युशुकान संग्रहालयात आणि कुरे येथील यामातो संग्रहालयात झीरो आहेत. कॅलिफोर्नियातील चिनो येथील संग्रहालयाकडे मूळ साकाए इंजिनावर उडणारे मॉडेल ५२ आहे. संग्रहालयांतील अनेक विमाने युद्धानंतर पुन्हा रंगवलेली असल्यामुळे रंगाचा पुरावा म्हणून ती डोळे झाकून स्वीकारता येत नाहीत. आकार, सांधे आणि यंत्ररचना यांसाठी मात्र त्यांची छायाचित्रे उत्तम संदर्भ ठरतात.

आक्रमक युद्धातील शस्त्राची प्रतिकृती का करावी, असा प्रश्न या छंदाला नेहमी विचारला जातो. जपानमध्येही तो विचारला गेला. होरिकोशी यांच्या आयुष्यावर आधारलेला हायाओ मियाझाकी यांचा अनुचित्रपट २०१३ मध्ये आला, तेव्हा त्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. शेपटीवरील क्रमांक खरा असेल, तर त्या विमानात बसलेला एक माणूस होता आणि त्याच्या तोफांसमोरही माणसे होती. ते विमान कोठे गेले, त्याने काय केले आणि त्याचे पुढे काय झाले, हे संच उघडण्यापूर्वी शोधावे. रंगाची योग्य छटा शोधण्यासाठी जेवढे कष्ट घेतले जातात, तेवढेच या प्रश्नांसाठी घेतले, तर कपाटात ठेवलेली प्रतिकृती नुसती शोभेची वस्तू राहत नाही.